वहिनीचं मत

वहिनी, तुला शेवटची आंघोळ घालत होतो तेव्हा तुझा डावा हात माझ्या हातात होता. अंगठ्याशेजारच्या बोटाच्या नखावर, अगदी टोकाशी, शाईची काळसर रेघ उरली होती. नख वाढत गेलं तशी ती पुढे सरकत आली असणार. शेजारच्या बायका घाई करत होत्या. हळद कुठं आहे, हिरवी साडी कोणती काढायची, बाहेर माणसं खोळंबून राहिली. मी मात्र ते बोट धरून बसले. ओल्या अंगठ्यानं ती रेघ घासून पाहिली. का घासली ते मला सांगता येणार नाही. ती निघाली नाही. त्या सगळ्या रडारडीत मला तेवढंच बरं वाटलं.

बाहेर पायरीवर दादा बसला होता. येणाऱ्या प्रत्येकाला हात जोडत होता आणि मधेच मान वळवून आत, तुझ्याकडे पाहत होता. त्याच्या चेहऱ्यावर नुसतं दुःख नव्हतं. त्याला तुला अजून काहीतरी विचारायचं होतं, आणि आता विचारता येणार नाही हे त्याला कळत होतं.

तू गेल्यापासून मी रोज तुझ्याशी बोलते. पद्मनाभपुरातल्या माझ्या घरी भाजी चिरताना बोलते, ऑटोत बसून बोलते. शेजारी बसलेली बाई माझ्याकडे बघते, मग मी गप्प होते. तू उत्तर देत नाहीस. तशीही त्या एका गोष्टीचं उत्तर तू कधी दिलंच नाहीस, जिवंत होतीस तेव्हाही.

मी कॉलेजात होते तेव्हा तू तुमसरकडच्या खेड्यातून दादाची बायको होऊन इकडे हिंदी मुलखात, आमच्या स्टील प्लांटच्या क्वार्टरमध्ये आलीस. बाबा प्लांटमध्ये होते, दादाही नुकताच रेल मिलमध्ये लागला होता. तू आल्यावर पहिली निवडणूक झाली ती मला अजून आठवते. मतदानाच्या दिवशी बाबांची पद्धत ठरलेली असायची. सकाळी चहाच्या वेळी सगळ्यांना चिन्ह सांगायचे, मग सगळ्यांना घेऊन शाळेत जायचे आणि घरी आल्यावर एकेकाला विचारायचे, बराबर मारला ना शिक्का? आई 'हो' म्हणायची. मी 'हो' म्हणायची. त्या दिवशी तुझी पाळी आली तेव्हा तू डोक्यावरचा पदर नीट केलास आणि म्हणालीस,

"बाबा, ते सांगाचं नसते ना."

बाबांची बशी ओठाजवळच राहिली. "सांगाचं नसते मंजे? घरात कोणापासून लपवाचं आहे?"

"लपवत नाई बाबा. तुमी चिन्ह सांगतलं, ते मी आयकलं."

"मंग?"

"मंग मी आत गेली."

आईला हसू आवरलं नाही. बाबा आईकडे बघत राहिले, जणू तिला हसता येतं हे त्यांना त्याच दिवशी समजलं. दादा तेव्हा तरुण होता, नवा नवरा होता. तोही हसला. त्याला वाटलं, बायको गमतीची मिळाली.

त्याचं कारण तू मला पुढं कधीतरी सांगितलंस, गच्चीवर आपण दोघी पापड वाळत घालत होतो तेव्हा. "माह्या आईनं कधी मतच नाई टाकलं, सुषमा. लाइनीत उभी राहे, बोटाले शाई लावून घेये. कागद हातात आला का मोठे काका तो घेऊन घेत. तेच शिक्का मारत, घडी करून तिच्या हातात देत. तिनं फक्त पेटीत टाकाचा. बाईले काय समजते मनत. कोणी काई बोले नाई. बूथवरचा साहेबही चूप राहे." तू पापड सारखे करत होतीस, वर बघत नव्हतीस. "पुढं ती आजारी पडली. एक दिवस मले मने, मले तो शिक्का एकदा तरी आपल्या हातानं मारून पाहाचा होता व."

पापडाच्या कडा उन्हानं वळायला लागल्या होत्या, त्या आपण दोघी दाबत राहिलो.

त्या घरात तुझं असं काय होतं, हा विचार मी तू असताना कधी केला नाही. आता करते. बाबा-आई गेले, क्वार्टर सुटलं, रिसालीत दादानं घर बांधलं. ते घर दादाचं. कपाटाची किल्ली सगळ्यांची. तुझा फोन कोणीही उचलायचं, कोणीही उघडून बघायचं. तुझी झोपसुद्धा तुझी नव्हती, ज्यानं हाक मारली त्याची होती. लोक तुला मानसीची आई म्हणायचे, नाहीतर प्रभाकरभाऊंची मिसेस. यातल्या कशाचीच तू कधी तक्रार केली नाहीस. तू दुःखी होतीस असंही मला म्हणायचं नाही. तू हसायचीस, भांडायचीस, सगळ्या गल्लीत तुझ्या हातच्या वड्यांचं नाव होतं. पण मतदानाच्या त्या पुठ्ठ्याच्या आडोशामागं जेवढी जागा असते ना, तेवढी मात्र तू कोणालाच दिली नाहीस.

मला एकदा म्हणाली होतीस, "आत गेली का घाई कराची नाई. बाहेर किती लाइन असो. तितकी जागा आपली असते."

मला तेव्हा हसू आलं होतं. माझ्या घरी असं काही नव्हतं. आम्ही नवराबायको चर्चा करायचो, मग दोघं एकालाच मत द्यायचो, आणि मला वाटायचं हीच समानता. तुझं ऐकल्यानंतरच्या निवडणुकीत मी आडोशामागं गेले आणि पहिल्यांदा थांबले. यंत्रावरची सगळी नावं वाचली. मतदान अधिकाऱ्यानं बाहेरून विचारलं, "मॅडम, हो गया?" मी म्हटलं, "नहीं." एवढंसं 'नहीं' म्हणायला मला एवढी वर्षं लागली, वहिनी. ते तुझ्यामुळं म्हणता आलं, हे तुला सांगायचं राहून गेलं.

मग दादा रिटायर झाला आणि वॉर्डातून पार्षदाच्या, म्हणजे नगरसेवकाच्या, निवडणुकीला उभा राहिला.

त्याला लोकांची कामं करायची हौस पहिल्यापासूनच होती. कोणाचं रेशनकार्ड, कोणाच्या मुलीची ॲडमिशन, मयतीला लाकडं. सगळे म्हणाले, भैया, आता तुम्हीच उभे व्हा. त्याच्यासमोर उभी राहिली किरण, मागच्या गल्लीतली. मुलांच्या ट्यूशन घेणारी, तुझ्याबरोबर सकाळी फिरायला येणारी. तुम्हा दोघींच्या डब्यांची देवाणघेवाण चालायची. तिच्याकडून तांदळाच्या पिठाचा फरा यायचा, तुझ्याकडून बेसनाच्या पातोडीची भाजी जायची.

तू दादासाठी किती फिरलीस ते साऱ्या वॉर्डानं पाहिलं. ऊन असो, धूळ असो, पत्रकं घेऊन दारोदार. किरणच्या दारातही गेलीस. ती हसून म्हणाली, "दीदी, मुझे भी दोगी?" आणि तू तिलाही पत्रक दिलंस. कार्यकर्त्यांची जेवणं तूच रांधलीस. मी मदतीला यायची तेव्हा तुझ्या पायांना सूज आलेली दिसायची.

आणि ती अंगणातली सभा. खुर्च्या मांडल्या होत्या, माइक लावला होता, तू चहाचा ट्रे घेऊन माणसांमधून फिरत होतीस. दादा बोलता बोलता रंगात आला. "किरण बहन बहुत अच्छी हैं, मैं उनकी इज्जत करता हूँ. लेकिन आधी रात को ट्रांसफार्मर उड़ेगा तो कौन दौड़ेगा? घर सँभालने वाली घर सँभाले, वार्ड हम सँभाल लेंगे!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी तुझ्याकडे बघत होते. तू थांबली नाहीस. चहा सांडला नाही. फक्त पुढच्या माणसाला कप देताना तू त्याच्याकडे बघितलंच नाहीस.

सगळे गेल्यावर तू दादाला विचारलंस, "हे कशाले बोललात?"

"भाषणात बोला लागते तसं."

"घर सांभाळणारी तं मी आहो. मंग मी कावून फिरून राहिली तुमच्यासाठी?"

"तुह्यं वेगळं आहे, शालू," दादा म्हणाला आणि खुर्च्या उचलायला गेला. त्याला खरंच तसं वाटत होतं. वाईट माणूस नाही तो, तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी तू पुन्हा पत्रकं घेऊन बाहेर पडलीस. तुझ्या मनात त्या दिवशी काय झालं, काही झालं का, हे मला माहीत नाही.

दादा हरला. थोडक्यात हरला, म्हणून जास्त लागलं. निकालाच्या संध्याकाळी त्याच अंगणात माणसं बसली होती. त्यातल्या एका कार्यकर्त्यानं, बसल्या बसल्या, खाली बघत म्हटलं, "अपने बूथ में ही कम पड़ गया भैया. घर के वोट भी पूरे नहीं पड़े."

दादाची नजर स्वयंपाकघराकडे गेली. मी आत तुझ्याजवळच उभी होते. मला ती नजर दिसली.

"शालू, इकडे ये."

तू हात पुसत गेलीस.

"तुनं कोणाले देलं?"

अंगणातल्या सगळ्या माणसांनी तुझ्याकडे माना वळवल्या.

"मी तुमच्यासाठी गल्लीगल्ली फिरली. तुमी पाह्यलं," तू म्हणालीस.

"ते नाई विचारून राहिलो मी."

"त्याच्या पुढचं मी नाई सांगत."

"नाई सांगत? नवऱ्याले नाई सांगत?" दादाचा आवाज चढला. असा आवाज मी त्याचा कधी ऐकला नव्हता. "देवावर हात ठेव अन् सांग. ठेव हात!"

"देवाले माईत आहे," तू म्हणालीस. "त्याले पुन्हा कशाले सांगाचं?"

आणि तू आत आलीस. गॅसवर भात होता, तो उतरवलास. मी झाकण धरलं.

त्यानंतरचे महिने. दादा तुझ्याशी बोलायचा बंद झाला. जेवायचा, पण बोलायचा नाही. "तिले सांग, वरण वाढ," असं मला सांगायचा, आणि मी नसले तर भिंतीला सांगायचा. मानसीनं पुण्याहून फोनवर त्याला खूप सुनावलं. "पापा, तुम्ही विचारूच कसं शकता? मम्मी का वोट है ना, मम्मी का!" त्यानं फोन ठेवून दिला. मला मात्र त्यानं बोलावून घेतलं आणि म्हणाला, तू इचार. तुले सांगन ती.

मी तुला सिविक सेंटरच्या बाजारात घेऊन गेले. ब्लाउजपीस घ्यायचं निमित्त होतं. मग डोसा खायला बसलो. आपलं ते भांडण अजून मिटलेलं नाही, वहिनी. मी ते रोज नव्यानं भांडते.

"सांगून टाक ना. दादालेच देलं, असं मन," मी म्हटलं. "खरं असो का खोटं. घर तं शांत होईन."

"खोटं सांगतलं तं घर खोट्यावर चालन."

"मंग खरं सांग."

"खरं सांगतलं तं पुढच्या टायमाले मी आत जाईन तवा हे माह्यासंग आत असतीन. आज तिथं मले कोणीच दिसत नाई."

"अन् दादालेच देलं असन तं? मंग तं सांगाले काईच जात नाई."

तू चमचा खाली ठेवलास. "तुले वाटते मी दुसऱ्याले देलं म्हणून चूप आहो?"

"मंग कावून?"

"दोन्हीतलं काईही असतं, तरी मी हेच केलं असतं."

मला राग आला. खरंच आला. माझा भाऊ हरून खचला होता, ज्या घरात वड्यांचा वास असायचा तिथं मेल्यासारखी शांतता होती, आणि ही बाई एका बटणापायी अडून बसली होती. मी म्हटलं, "संसार मोठा का ते बटन मोठं?"

तू रागावली नाहीस. तू खरंच विचार केलास, मग मला विचारलंस, "संसारात मी कुठं कमी पडली, ते सांग."

येताना ऑटोत आपण दोघी दोन बाजूंना बघत बसलो.

आजही मी पूर्ण तुझ्या बाजूनं नाही, हे तुला माहीत असू दे. ज्या माणसाबरोबर जन्म काढला, त्याला एक शब्द दिला असता तर काय बिघडलं असतं, असं मला सकाळी वाटतं. दुपारी वाटतं, त्यानं शब्द मागितला कुठं होता, त्यानं तर चार माणसांत हिशेब मागितला होता. आणि संध्याकाळी वाटतं, ही आपली शालू, जिनं सगळं दिलं, तिनं एवढी एकच गोष्ट स्वतःजवळ ठेवली आणि आपल्याला तेवढीच हवी झाली. आपण सगळे कसे लोक आहोत?

हळूहळू बर्फ वितळत होता, हे तू मला फोनवर सांगितलं होतंस. तुला ताप आला तेव्हा दादानं स्वतः चहा केला, आलं जास्त झालं, पण केला. कप तुझ्या हातात देऊन पलंगाच्या कडेला बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "आता तरी सांग." तू हसलीस. म्हणालीस, "चहा मस्त झाला." आणि तोही हसला. सांगताना तू पुन्हा हसत होतीस. "पिघळून राहिले तुह्ये भाऊ," म्हणालीस. तुझं हसणं मी शेवटचं ऐकलं ते तेव्हा.

पुढच्याच आठवड्यात तू सकाळी ओट्यापाशी कोसळलीस. दादानंच उचललं. डॉक्टर म्हणाले, ब्रेन हॅमरेज. नळ्या, पडदे, कुठलंसं यंत्र सारखं टिकटिकणारं. एकेकालाच आत सोडायचे. मी काचेबाहेर उभी होते, दादा आत. दार पूर्ण लागलं नव्हतं. तो तुझ्या कानाशी वाकला होता. मला वाटलं, आता विचारतो. आताही विचारतो. मी दार ढकलून आत जाणार, एवढ्यात त्याचे शब्द ऐकू आले.

"नोको सांगू, शालू. कधीच नोको सांगू. उठ फक्त."

तू ऐकलंस का? मला तेवढंच हवं आहे. बाकी काही नको. त्या नळ्यांच्या मागून, कुठूनही, तुझ्यापर्यंत ते पोचलं का?

तू उठली नाहीस.

तेराव्यापर्यंत मी रिसालीतच राहिले. तुझ्याशिवाय ते घर कसं आहे सांगू? डबे सापडत नाहीत. सगळे डबे सारखे, आत काय आहे ते तुलाच माहीत होतं. मी पोह्यासाठी डबा उघडायची आणि त्यात साबूदाणा निघायचा. दुपारी सगळे पडलेले असले की स्वयंपाकघरातून भांडं सरकल्यासारखा आवाज यायचा. मी उठून बघायची. कोणी नसायचं. एकदा दादा पेपर वाचता वाचता सवयीनं म्हणाला, "शालू, पाणी." म्हणाला आणि त्याचा हात तसाच पुढे राहिला. मानसी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, मी पलंगावर. आम्ही दोघीही हललो नाही. आम्हाला वाटलं, आपण पाणी आणलं तर तू खरंच गेलीस असं होईल. मग त्यानं हात मागं घेतला.

तेराव्याला किरण आली. ती आता पार्षद होती, तरी चपला बाहेर काढून, पदर घेऊन, बायकांत येऊन बसली आणि तुझ्या फोटोकडे बघून तोंडावर हात धरून रडली. दादा उठून तिच्यासमोर आला. मला भीती वाटली. त्यानं हात जोडले.

"किरण बहन, एक बात पूछूँ? आपको तो बताया होगा उसने."

"नहीं भैया." किरणनं डोळे पुसले. "मैंने पूछा था. जीतने के बाद मिठाई लेके आई थी न मैं, दीदी ने डिब्बा छुआ तक नहीं. बोली, आज मेरे घर में दुख है, आज नहीं खाऊँगी. तब मैंने पूछा, दीदी, सच बताओ, मुझे दिया था न? तो हँस दी. बोली, तू भी पूछेगी?"

दादा तिथंच खाली बसला, बायकांच्या मधेच.

सगळे पाहुणे गेल्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळच्या उन्हात दादा माझ्याजवळ येऊन बसला. किती म्हातारा झाला आहे तो, वहिनी. म्हणाला, "सुषमा, डोळा लागला का ती येते. तिथं, दारात उभी राहाते. सांगन असं वाटते."

"मंग?"

"मंग मीच उठून बसतो. भेव वाटते." तो आपल्या हातांकडे बघत होता. "मले देलं असन तं मी तिले कावून छळलं इतकं? अन् नसन देलं... तं तिले मी कसा दिसत असन, हे मले पाहा लागन."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. ते उत्तर तुझं होतं, माझं नव्हतं.

आणि परवा मी दादाकडे गेले होते तेव्हा ती बाई आली. मतदार यादी तपासायला घरोघर येतात ना, ती. अंगणवाडीची कार्यकर्ती, गळ्यात ओळखपत्र, हातात कागदांची चळत, घामानं भिजलेली. मी पाणी दिलं. ती खुर्चीवर बसून एकेक नाव वाचू लागली. दादाचं नाव वाचलं, त्यानं 'हो' म्हटलं. मानसीचं वाचलं, ती पुण्यात असते असं सांगितलं. मग तिनं तुझं नाव वाचलं. पूर्ण नाव. शालिनी प्रभाकर. किती दिवसांनी त्या घरात कोणी तुझं पूर्ण नाव घेत होतं. यादीत तू कोणाची आई नव्हतीस, कोणाची मिसेस नव्हतीस.

"ये हैं?" तिनं विचारलं.

मीच सांगितलं, गेल्या.

"ओह. तो नाम कटेगा." तिनं हळूच एक कागद पुढं केला. "भैया, यहाँ साइन कर दीजिए."

"राहू द्या ना," दादा म्हणाला. विनवणी होती ती. "रहने दो न बहन. एका नावानं कोणाचं काय अडते?"

ती बाई समजूतदार होती. तिनं घाई केली नाही. फुलपात्र खाली ठेवून म्हणाली, "रह जाएगा तो कोई और वोट डाल देगा भैया, इनके नाम से."

दादानं मान वर केली. तिच्याकडे बघत राहिला, मग तुझ्या फोटोकडे. मग त्यानं हात पुढं केला आणि पेन मागितलं.

"नाई," तो म्हणाला, "तिचं कोणी टाकणार नाई."

त्यानं सही केली. पूर्ण नाव लिहून. ती बाई पुढच्या घरी गेली. दादा दाराशी उभा राहून ती वळेपर्यंत बघत होता. मग आत आला, तुझ्या फोटोसमोर बसला, आणि पहिल्यांदाच मोठ्यानं रडला.